चिमणीवरचा पिंपळ

उकडा तांदूळ करायचा तर आधी धान वाफवावे लागते. गोंदिया हा धानाचा जिल्हा, त्यामुळे राइस मिल आली, वाफेचा बॉयलर आला, धानाच्याच तुसाचे जळण आले आणि धुरासाठी विटांची चिमणी आली. बॉयलर कायमचा थंडावला की या चिमणीची परवड सुरू होते. आतली ऊब जाते, पाऊस वरून थेट आत पडतो आणि ओल चुन्याच्या दरजांत मुरते. मैना-बुलबुलांच्या विष्ठेतून पडलेल्या बीला तेवढी ओल पुरते. एका पावसाळ्यात दरजेतून पिंपळाची तांबूस पाने डोकावतात.

इथे गवंड्याचा हात थांबतो. पिंपळावर मुंजा असतो, त्याला कोण तोडणार? शनिवारी त्याला पाणी घालणारे आहेत आणि विदर्भात त्याला बोधिवृक्ष म्हणून वंदन करणारेही घरोघरी आहेत. ही भावना अडाणी म्हणून उडवून लावण्यासारखी नाही. पण ती विटा उचकटू देण्याइतकी बंधनकारक आहे का?

गीतेच्या दहाव्या अध्यायात अश्वत्थ ही भगवंताची विभूती आहे, तर पंधराव्यात संसाररूपी अश्वत्थ वैराग्याच्या शस्त्राने छेदायला सांगितले आहे. हा दुसरा अश्वत्थ रूपक आहे, त्यावरून कुऱ्हाडीला परवानगी काढणे अप्रामाणिक ठरेल. सहाव्या शतकातला वराहमिहिर जास्त कामाचा. मूर्तीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्याची पूजा करावी आणि त्यात राहणाऱ्या जीवांना दुसरीकडे वस्ती करण्याची विनंती करावी, असे बृहत्संहितेत सांगितले आहे. झाडाची गरज आणि झाडाचा मान, दोन्ही त्याने एकाच विधीत सांभाळले.

पाप असेलच तर ते दोन पानांचे रोप अलगद काढण्यात नाही. ते दहा वर्षे वर न पाहण्यात आहे. तोवर मूळ मनगटाएवढे होते, नुसता शेंडा छाटला तर पुन्हा फुटतो, ओढून काढले तर विटा हातात येतात. मग झाड किंवा चिमणी, एकाचा जीव जातोच.

रोप कोवळे असताना, दरज ओली असताना, मुळासकट सोडवावे आणि मोकळ्या जमिनीत लावावे. रिकामी दरज सिमेंटने भरू नये. सिमेंट ओल कोंडते, क्षार विटेत साठतात आणि विटेचे पापुद्रे सुटतात. चुना ओल घेतो तशी सोडतोही. तुसाच्या राखेत साधारण ८५ ते ९० टक्के सिलिका असते. नीट जळालेली, बारीक दळलेली राख चुन्यात घातली तर तो ओलीतही घट्ट बसतो. ज्या तुसाचा धूर या चिमणीने वाहिला, त्याचीच राख तिला सांधते, ही गोष्ट मिलमालकांनी मनावर घ्यावी. चिमणीच्या तोंडावर बाजूंनी वारा खेळेल अशी पत्र्याची टोपी हवी. पूर्ण बंद केले तर आतली ओल आतच राहते.

झाड मोठे असेल आणि मिल शहरात असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार आधी परवानगी काढावी. रोप लहान असेल तर मृग लागला की शिडी लावून वर एकदा पाहून यावे.