धूमावाचून अग्नी

सातपुड्याच्या पायथ्याशी, तेल्हारा तालुक्यातील हिवरखेडसारख्या गावी मार्गशीर्ष-पौषाच्या रात्री डोंगरावरून जे गार वारे उतरते, त्याने मोटारींच्या काचा आपोआप वर चढतात; आणि अकोटचा बाजार आटोपून, वारी येथील हनुमंताचे किंवा शेगावी गजानन महाराजांचे दर्शन घेऊन परतणारी कुटुंबे, मागल्या आसनावर पोरेबाळे एकमेकांच्या अंगावर रेलून झोपी गेलेली असताना, त्या बंद काचांच्या आडोशाने मोठ्या निर्धास्तपणे घरची वाट कापीत असतात. हा निर्धास्तपणा कोणत्या प्रमाणावर उभा आहे, असे कोणी विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळेल: आत धूर दिसत नाही, वास येत नाही, सर्वांना बरे वाटते आहे. या उत्तरात जो दोष दडलेला आहे, तो केवळ यंत्रविद्येतील दोष नव्हे. माणसाने स्वतःच्या निर्दोषतेविषयी कोणत्या पुराव्यावर विश्वास ठेवावा, या धर्मविचारातील एका जुन्या आणि कठीण प्रश्नाशी त्याचे मूळ जाऊन भिडते, असे मला वाटते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. इंजिनात इंधन जळते, पण पुरते जळत नाही. आणि या अपुऱ्या ज्वलनातून, विशेषतः पेट्रोलच्या, कार्बन मोनॉक्साइड हा वायू निर्माण होतो, ज्याला रंग नाही, गंध नाही आणि चवही नाही. गाडी धड असेल तर हा वायू इंजिनापासून निघणाऱ्या नळीवाटे, गाडीच्या पोटाखालून, सायलेन्सरमधून मागे बाहेर पडतो. परंतु मॅनिफोल्डचे गॅस्केट जळते, सायलेन्सर गंजून त्याला छिद्र पडते, तळाचा पत्रा चिखलापाण्याने खाल्ला जातो, वायरी आत येतात त्या भोकांतील रबर निखळते, डिक्कीचे रबर वाळून टणक होते. आणि यांपैकी प्रत्येक वाटेने तो वायू माणसे बसतात तेथे शिरू शकतो. ज्या व्हॅनचे इंजिन पुढच्या आसनाखालीच असते, तिच्यात तर यंत्र आणि मनुष्य यांच्यामध्ये एका झाकणाचेच काय ते अंतर असते. आपल्या भागात आणखी एक कारण नित्य घडते: शेतकरी तुषार सिंचनाचे लांब पाइप गाडीत घालतो, ते मागून बाहेर राहतात, आणि डिक्की अर्धवट उघडी ठेवून दोरीने बांधली जाते. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होत असल्याने मागे सोडलेला धूर तेथेच घोटाळतो आणि त्या उघड्या डिक्कीवाटे आत ओढला जातो.

आत शिरलेला हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक ओढीने चिकटतो, म्हणजे जी जागा प्राणवायूची, ती हा बळकावून बसतो. प्रथम डोके जड होते, मग मळमळते, मग ग्लानी येते. आणि ही लक्षणे प्रवासाच्या शिणवट्यासारखीच असल्यामुळे त्यांची कोणी दखल घेत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत आढळली, तेव्हा जनित्रातून निघालेला हाच वायू आत शिरला होता, असे तपासात निष्पन्न झाले.

आता या वस्तुस्थितीकडे आपल्या शास्त्रकारांच्या दृष्टीने पाहावे. न्यायशास्त्राचा अभ्यास ज्या उदाहरणाने सुरू होतो, ते धूर आणि अग्नी यांचेच आहे: पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तेथे अग्नी आहे. पाठशाळेत अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह शिकणाऱ्या बटूला या अनुमानाच्या पाठोपाठ त्याची मर्यादाही शिकवली जाते. धुरावरून अग्नी सिद्ध होतो. पण अग्नीवरून धूर सिद्ध होत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर मुळीच नसतो. धूर उत्पन्न व्हायला ओल्या इंधनाचा संयोग लागतो. तो नसेल, तर अग्नी धूमावाचून राहतो. मोटारीतही तसेच आहे: आपण ज्याला धूर म्हणतो, ज्याचा वास घेतो, ज्याने डोळे चुरचुरतात, तो काजळीचा आणि इतर द्रव्यांचा परिणाम होय. आणि ही द्रव्ये अल्प असताना घातक वायू पुरेसा असू शकतो.

याहूनही सूक्ष्म विचार मीमांसकांनी आणि वेदान्त्यांनी अभावाच्या ज्ञानाविषयी केला आहे. एखादी वस्तू नाही, हे आपल्याला कशावरून कळते? ती आढळत नाही, यावरून. पण हे न आढळणे प्रत्येक ठिकाणी प्रमाण ठरत नाही. जमिनीवर घट असता तर उजेडात तो दिसलाच असता, म्हणून न दिसण्यावरून घट नाही असे म्हणता येते. अंधारात मात्र तसे म्हणता येत नाही. जी वस्तू आढळण्यास योग्य आहे, तिचेच न आढळणे तिचा अभाव सिद्ध करते; याला त्यांनी योग्यानुपलब्धी म्हटले. धर्मराजाध्वरीन्द्राने वेदान्तपरिभाषेत या मर्यादेचे जे उदाहरण दिले आहे, ते मला फार महत्त्वाचे वाटते: आत्म्याच्या ठिकाणी धर्म आणि अधर्म प्रत्यक्ष जाणवत नाहीत, पण तेवढ्यावरून ते नाहीत असा निश्चय करता येत नाही, कारण ते जाणवण्यास योग्यच नव्हेत.

या एका वाक्यात आपल्या प्रश्नाचे सार आहे. बंद मोटारीतील वायूविषयी जे खरे, तेच अंतःकरणातील दोषाविषयी खरे. ‘माझ्या मनात काही पाप नाही, कारण मला ते जाणवत नाही,’ असे म्हणणारा सज्जन आणि ‘गाडीत विषारी वायू नाही, कारण मला वास येत नाही,’ असे म्हणणारा चालक हे दोघेही एकाच हेत्वाभासात सापडलेले असतात.

दोष याहूनही खोल आहे. घट न दिसणाऱ्या माणसाचे डोळे तरी शाबूत असतात. येथे साक्षीदारच फितूर होतो. नाकाला एक वास काही मिनिटे सतत आला, की ते त्याची वर्दी देणे सोडून देते, म्हणून थोडा वास येत असला तरी आत बसलेल्याला तो कळेनासा होतो. मेंदूला प्राणवायू कमी पडू लागला, की ज्या बुद्धीने धोका ओळखायचा तीच मंद होते, आणि मंद झालेल्या बुद्धीला आपण मंद झालो आहोत हे समजत नाही. करोनाच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला लावून रक्तातील प्राणवायू दाखवणारे यंत्र येथे उपयोगी पडेल असे कोणाला वाटेल. पण या वायूने व्यापलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायूने भरलेले हिमोग्लोबिन यांतील भेद त्या साध्या यंत्राला कळत नाही, आणि मनुष्य मरणाच्या दारात असतानाही ते समाधानकारक आकडा दाखवू शकते. इंग्लंडातील शरीरशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १८९५ च्या सुमारास स्वतःच्या देहावर या वायूचे प्रयोग केले, तेव्हा केवळ स्वतःला काय वाटते यावर न विसंबता त्यांनी रक्ताचे नमुने तपासले. आणि खाणकामगारांनी आपल्याआधी व्याकूळ होणारा लहानसा जीव बरोबर न्यावा, असे सुचवले. ब्रिटनच्या खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची ती पद्धत १९८६ पर्यंत चालू होती. ज्ञात्यानेही या बाबतीत स्वतःच्या संवेदनेला अंतिम साक्षीदार मानले नाही.

म्हणून येथे शब्दप्रमाणाचे, म्हणजे आप्ताच्या, विश्वासार्ह माणसाच्या, वचनाचे, माहात्म्य कळते. गाडीचे दार उघडून आत डोकावणारा माणूस ‘वास येतो आहे’ म्हणाला, तर आत बसलेल्या चौघांच्या ‘नाही’पेक्षा त्या एकट्याचे वचन अधिक ग्राह्य मानावे. आपल्या वऱ्हाडच्या मातीतून उठलेले गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे प्रथम खराटा हाती घेऊन गाव झाडीत आणि मग रात्री कीर्तनात प्रश्नांमागून प्रश्न विचारीत. ज्या केराला गावकऱ्यांचे डोळे सरावून गेले होते, तो त्या परक्या पाहुण्याला दिसत असे. आत राहणाऱ्याला जे अदृश्य झाले आहे ते बाहेरचा सांगतो, आणि ते ऐकून घेण्याची नम्रता असणे हा साधनेचाच एक भाग आहे.

हिवरखेडच्या रस्त्यालगतच्या एका गॅरेजात हे आप्तवचन मी जवळून ऐकले आहे. मिस्त्रीने रात्रभर उभ्या राहून थंड झालेली गाडी सुरू करायला लावली, पोराला ओले जाड फडके काही क्षण सायलेन्सरच्या तोंडाशी दाबून धरायला सांगितले, आणि स्वतः आडवा होऊन नळीच्या सांध्यांवर साबणाचे पाणी सोडू लागला. इंजिनाजवळच्या एका सांध्यावर बारीक बुडबुडे फुटू लागले. भोवती काजळीचे काळे कडे आधीच उमटलेले होते, फक्त ते पाहायला कोणी वाकले नव्हते. मग त्याने डिक्कीच्या झाकणात कागदाची पट्टी धरून झाकण लावले आणि पट्टी ओढली; ती अलगद निघून आली, म्हणजे रबर मेले होते. हात पुसत तो मालकाला म्हणाला, “भाऊ, धूर दिसत नाही म्हणून काही नाही, असं समजू नका. डोकं दुखलं, झापड आली, का काचा खाली करजा अन् गाडी बाजूले लावजा.” त्या सांगण्यात शास्त्र होते. अशा वेळी पुढच्या काचा उघडाव्या, आतलीच हवा फिरवणारी कळ बंद करून बाहेरची हवा घ्यावी, थांबून सर्वांनी मोकळ्यावर यावे, आणि दुरुस्तीवाचून त्या गाडीत पुन्हा बसू नये. ग्लानी किंवा ओकारी असेल तर दवाखाना गाठावा. कारण साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा निघून जायलाच चार ते पाच तास लागतात, आणि शुद्ध प्राणवायू दिल्यास तेच काम दीड तासाच्या आत होते.

सरकारदरबारी गाडीचा धूर तपासून दाखला मिळतो, तो काचेवर किंवा कागदपत्रांत जपून ठेवला जातो, आणि तो आवश्यकही आहे. पण तो दाखला गाडी जगाला काय देते याचा आहे; गाडी आपल्या पोटातील माणसांना काय देते, याची खातरजमा त्याने होत नाही. ती जबाबदारी कायद्याने मोजलेली नाही, म्हणून ती धर्माकडे येते. मागे झोपलेल्या मुलाने कोणतीही कैफियत लिहून दिलेली नसते; चालक हा त्याच्या श्वासाचा मुखत्यार झालेला असतो. महाभारताच्या उद्योगपर्वात सनत्सुजात ऋषी धृतराष्ट्राला सांगतात की, प्रमाद म्हणजेच मृत्यू. हे ज्याला सांगितले, तो राजा डोळ्यांनी अंध होता, पण त्याचा घात अंधत्वाने झाला नाही. पुत्रांचा दोष विदुराने, व्यासांनी, सर्वांनी सांगितला असताना तो ऐकण्यात त्याने हयगय केली, हा त्याचा प्रमाद होय.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. न जाणवणाऱ्या दोषाचीही धास्ती बाळगायची, तर मनुष्य क्षणभर स्वस्थ कसा राहील? गीतेनेच संशयात्म्याचा नाश होतो असे म्हटले आहे, आणि सर्व आरंभ धुराने वेढलेल्या अग्नीसारखे दोषयुक्तच असतात, म्हणून सहज कर्म टाकू नये, असेही तिने सांगितले आहे. या आक्षेपाचे उत्तर मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातील पंचसूनांच्या विचारात सापडते. चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचे भांडे या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून नकळत जीवहिंसा घडते. शास्त्राने त्याला चूल विझवायला सांगितले नाही, आणि ‘तुला ठाऊक नव्हते, तू निर्दोष आहेस’ असेही सांगितले नाही. त्याने रोज करायचे पंचमहायज्ञ सांगितले. अज्ञात दोषाला उत्तर म्हणून भय नको, बेफिकिरीही नको, नित्यकर्म हवे, असा हा निर्णय आहे आणि तो अत्यंत शहाणपणाचा आहे. जो संशय कृती थांबवतो तो नाशकारक. जो तपासाला प्रवृत्त करतो आणि तपास पुरा होताच शांत होतो, तो विवेकाचाच प्रारंभ होय.

आजच्या गृहस्थाच्या दारात मोटार ही सहावी सूना उभी आहे, असे मी गंभीरपणे म्हणतो. तिचे नित्यकर्म फार मोठे नाही: आवाज बदलला की सायलेन्सर पाहणे, डिक्कीचे रबर आणि तळाचा पत्रा वेळच्या वेळी तपासून घेणे, डिक्की उघडी ठेवून माणसे न नेणे, गाडी सुरू ठेवून बंद काचांत न झोपणे, आणि कोणी ‘वास येतो’ म्हटले की वाद न घालता थांबणे. हेच नित्यकर्म मनाच्या बाबतीतही करायचे आहे, कारण तेथेही आपली जाणीव आपल्याला निर्दोषतेचा दाखला देण्यास असमर्थ आहे. ज्याच्या भरवशावर कोणीतरी डोळे मिटले आहेत, त्याला ‘मला जाणवले नाही’ ही सबब उरत नाही. जे जाणवण्यास योग्यच नाही, ते शोधण्याची पद्धत त्याने आधीच अंगी बाणवलेली असली पाहिजे, आणि माझ्या मते धार्मिक मनुष्याची खरी ओळख हीच आहे.