सोपं सांगितलं म्हणजे शिकवलं?

अभ्यास कसा करावा हे सांगणाऱ्या व्हिडिओंत आणि शिक्षकांसाठीच्या व्याख्यानांत हल्ली ‘फाइनमन तंत्र’ हमखास भेटतं. विषय घ्या, लहान मुलाला सांगावा तसा सोप्या शब्दांत मांडा, अडेल तिथे परत वाचा, आणखी सोपा करा. स्वतःचं अज्ञान तपासायला ही कृती चांगलीच आहे. पण तिच्या आधारे आता असं म्हटलं जातं, की सोपं करून सांगता येणं हीच शिक्षकाची खरी कसोटी. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या नावावर हे खपवलं जावं याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांचा स्वतःचा अनुभव वेगळंच सांगतो.

१९६१ ते १९६३ या काळात कॅलटेक या अमेरिकी संस्थेत त्यांनी पहिल्या दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र शिकवलं. ती व्याख्यानं पुढे तीन खंडांत आली आणि जगभर वाचली गेली. तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या प्रस्तावनेकडे मात्र कोणी फारसं थांबत नाही. जून १९६३ मध्ये लिहिलेल्या त्या प्रस्तावनेत फाइनमन म्हणतात, की विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिलं तर आपल्याला फारसं यश आलेलं नाही. परीक्षेत बहुतेक मुलांनी प्रश्न कसे हाताळले, हे त्यांनी पाहिलं होतं. डझन-दोन डझन मुलांना जवळजवळ सगळं समजलं, पण वर्ग १८० जणांचा होता. सहकाऱ्यांना हा सूर फार निराशेचा वाटला, आणि तसा तो असेलही. तरीही त्या शतकातल्या सर्वोत्तम स्पष्टीकरणकारांपैकी एक माणूस आपल्या स्पष्टीकरणाचा हिशेब विद्यार्थ्याच्या वहीत शोधतो, ही गोष्ट मला त्या तीन खंडांइतकीच मोलाची वाटते.

सोपेपणाचे पुरस्कर्ते यावर फाइनमन यांचे कॅलटेकमधले सहकारी डेव्हिड गुडस्टीन यांनी सांगितलेली आठवण पुढे करतात. अर्ध-स्पिनचे कण फर्मी-डिरॅक सांख्यिकी का पाळतात, हे त्यांनी फाइनमनना विचारलं. पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी यावर व्याख्यान तयार करतो, असं फाइनमन म्हणाले. काही दिवसांनी ते परत आले: जमलं नाही, म्हणजे आपल्याला ते खरं समजलेलंच नाही. गोष्ट सुंदर आहे. पण त्यात परीक्षा कोणाची झाली? फाइनमन यांची, फार तर भौतिकशास्त्राची. त्यात विद्यार्थी कुठेच नाही. व्याख्यान जमलं असतं, तरी समोरच्या मुलाला काय आलं असतं हे आपल्याला कळलं नसतं. सोपं करण्याची सगळी मेहनत शिक्षक करतो, म्हणून त्या मेहनतीचं फळही आधी त्यालाच मिळतं. मुलाच्या पदरात पडतो तो तयार माल, आणि बरोबर ‘कळलं’ असं समाधान. हे समाधान मला घोकंपट्टीपेक्षाही घातक वाटतं. घोकणाऱ्याला निदान आपण घोकतोय हे माहीत असतं.

ब्राझीलमध्ये शिकवताना फाइनमनना आलेला अनुभव इथे आठवावा. परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा नियम मुलांना तोंडपाठ होता. हातात पोलरॉइडची पट्टी होती, खिडकीबाहेर समुद्र होता. पाण्यावरून येणारा प्रकाश ध्रुवित आहे का, हे मात्र त्यांना सांगता येईना. फाइनमननी नियम आणखी सोपा करून सांगितला नाही. त्यांनी मुलांना पट्टीतून पाण्याकडे बघायला लावलं आणि ती फिरवायला सांगितली.

मला भेद करायचा आहे तो विषय तयार करणं आणि विद्यार्थी तयार करणं यांत. पहिलं फळ्यापाशी, एकट्यालाही करता येतं. दुसऱ्यासाठी विद्यार्थ्याने बोलावं लागतं, चुकावं लागतं, आणि त्याची चूक ऐकायला कोणीतरी जवळ असावं लागतं. त्याच प्रस्तावनेत फाइनमन हेच म्हणतात: चांगला शिक्षक आणि विद्यार्थी यांचा थेट, व्यक्तिगत संबंध असेल तिथेच उत्तम शिकवणं घडतं. नुसतं व्याख्यान ऐकून फार काही येत नाही, नेमून दिलेली गणितं सोडवूनही नाही. म्हणजे सराव परीक्षांच्या भरवशावर चालणाऱ्या आपल्या क्लासनाही त्यांच्याकडून दाखला मिळत नाही.

वर्गात शंभर मुलं असताना हे कसं जमणार, ही अडचण खरी आहे आणि ती मी झटकून टाकत नाही. पण अडचण आहे म्हणून शिकवण्याची व्याख्या बदलता येत नाही. कॅलटेकमध्येही मोठ्या व्याख्यानानंतर पंधरा-वीस जणांचे गट बसत. शिवाय फाइनमननी पहिल्या वर्षी प्रश्न कसे सोडवावेत यावर तीन व्याख्यानं दिली होती. त्यांत वर्गात तळाशी गेलेल्या मुलांशी ते बोलतात. कॅलटेकला आलेला प्रत्येकजण शाळेत पहिला असला, तरी इथे निम्मे सरासरीच्या खालीच असणार, हे त्यांना समजावतात आणि कलन हात बसेपर्यंत करायला लावतात. विश्वाचं रहस्य उलगडणारी व्याख्यानं खंडांत गेली, ही तीन वगळली गेली. ती पुस्तकरूपाने आली २००६ मध्ये, आणि आजही फाइनमन यांचं नाव घेणाऱ्या बहुतेकांनी ती वाचलेली नसतात.