सामरी येतोय हो!

आज सकाळी दूध तापेपर्यंत म्हणून मोबाइल हातात घेतला आणि रामसे बंधूंच्या भयपटांचे ट्रेलर बघत बसलो. 'पुराना मंदिर', 'वीराना', 'बंद दरवाजा'. कुणा हौशी माणसानं ते एकाला एक जोडलेत, आणि दर दोन ट्रेलरांच्या मधे तो स्वतः काळी शाल पांघरून, मेणबत्ती धरून येतो नि विचारतो, दाराला कडी लावलीत ना? मी खरंच दाराकडे बघितलं. तेवढ्यात दूध उतू गेलं. आतून आवाज आला, "सकाळी सकाळी भुतं कसली बघताय?"

खरं सांगायचं तर अख्खा सिनेमा आता बघवत नाही. 'पुराना मंदिर' १९८४चा. सामरी नावाच्या सैतानाचं मुंडकं पेटीत, धड दुसरीकडे, आणि दोन्ही एकत्र येईपर्यंत आपण गाणी ऐकायची, जगदीपचे विनोद सोसायचे. ट्रेलरात कुरकुरतं दार, कडाडणारी वीज, पेटीचं झाकण आणि सामरी झालेल्या अजय अगरवालचा तो उभट चेहरा. संपलं. पण नुसते तुकडेही पुरत नाहीत. ते पुढ्यात मांडणारा माणूस लागतो.

आमच्या लहानपणी तो माणूस म्हणजे भोंगेवाला. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा ऐन थंडीत भरते. एका अंगाला बैलबाजार, दुसऱ्या अंगाला तंबू टॉकीज. दिवेलागणीला हा गडी ट्रकच्या टपावर मांडी घालून बसायचा आणि माईक फुंकून सुरू व्हायचा, "सामरी येतोय हो सामरी! पोरं सांभाळा! कच्च्या काळजाच्या माणसानं पुढं बसू नये, तिथनं पळायला वाट नाय!" मधेच आतल्या खेळाचा आवाज बाहेरच्या कर्ण्यावर सोडायचा. एक किंकाळी, दारावरची धडक, आणि नेमकं तिथंच बंद. पुन्हा हा, "पुढं काय झालं? तिकीट काढा, कळंल!" खिशात पैसे नसलेल्या आम्हा पोरांनी निम्मे सिनेमे त्या भोंग्याखाली उभं राहूनच बघितले. पुढे कधीतरी पडद्यावर सामरी दिसला तेव्हा जरा हिरमोडच झाला.

असा मांडणारा माणूस अमेरिकेलाही लागला. तिथं १९५७ साली युनिव्हर्सलच्या ५२ जुन्या चित्रपटांचा गठ्ठा टीव्हीवाल्यांना विकला गेला, ड्रॅक्युला आणि फ्रँकेन्स्टाइनसकट. मग तिथल्या गावोगावच्या केंद्रांनी शवपेटीतून उठून प्रेक्षकांची थट्टा करणारे निवेदक उभे केले. त्यांना ते नवं वाटलं असेल. सांगलीकरांना नसतं वाटलं. ५ नोव्हेंबर १८४३ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं. त्या धाटणीच्या नाटकांत सूत्रधार पहिल्यापासून शेवटपर्यंत रंगमंचावरून हलत नसे. पदं तोच म्हणे, आता कोण येतंय तेही तोच सांगे. आणि मग रंग फासलेले राक्षस तलवारी परजत, 'अललडुर्र' करत घुसत. पुढे शिकल्यासवरल्या मंडळींनी त्या आरोळीची यथेच्छ टर उडवली. मला ती कधी पटली नाही. सूत्रधार शेजारी उभा आहे म्हटल्यावर पुढच्या रांगेतलं पोर त्या राक्षसाकडे डोळे उघडे ठेवून बघू शकत असणार.

रामसे तरी कुठले परके? 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) या सिनेमासाठी सगळं कुटुंब आमच्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला येऊन राहिलं होतं. सात भाऊ, कॅमेरा एकाकडे, आवाज दुसऱ्याकडे, संकलन तिसऱ्याकडे. ज्या धुक्यात आपण स्ट्रॉबेरी खात हिंडतो, त्याच धुक्यात त्यांनी प्रेतं उठवली.

तो भोंगेवाला मला एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या गाड्यावर दिसला होता. कानटोपी, अंगावर घोंगडं, गालात ज्येष्ठमधाची कांडी. माझ्यापेक्षा जेमतेम वीतभर उंच. मी धीर करून विचारलं, "मामा, सामरी खरा असतोय का?" त्यानं घशाकडे बोट दाखवलं. आवाज पार बसला होता. मग बशीतला चहा फुंकून हळूच खुणेनं सांगितलं, संध्याकाळी ये.