अपरिग्रह आणि स्वरसंग्रह
पतंजलींच्या पाच यमांपैकी अस्तेय, म्हणजे दुसऱ्याचे न घेणे, आणि अपरिग्रह, म्हणजे गरजेपलीकडे न साठवणे, हे दोन यम हौशी संगीतकाराच्या सॅम्पल लायब्ररीच्या, म्हणजे वाद्यांचे सुटे स्वर ध्वनिमुद्रित केलेल्या संग्रहाच्या, निवडीलाही लागू पडतात. २०२० मध्ये आलेली ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ ही अशीच एक लायब्ररी प्रश्नावली भरून सुमारे दोन आठवडे थांबणाऱ्यास विनामूल्य मिळत असे. अशी साधने उपलब्ध असताना तुटपुंजे उत्पन्न ही चोरीच्या प्रतीची सबब ठरू शकत नाही. अपरिग्रहाची कसोटी अधिक सूक्ष्म आहे, कारण व्हायोलिनचा एकच स्वर मृदू ते जोरकस अशा अनेक पातळ्यांवर कसा बदलतो हे एकाच संग्रहात मुरून जाणणाऱ्यालाच रचनेची साधना घडते, केवळ साठवणाऱ्याला नव्हे.