बंद पाकिटातील नाव

मीरा रोड-भाईंदरच्या वसाहतींत वार्षिक परीक्षा आटोपल्या की कुणाचे ना कुणाचे बिऱ्हाड हलते. कुणी आखातात जाते, कुणी कॅनडाला, कुणी नुसतेच खाडीपलीकडे वसईस. मुलाचा शाळेतून दाखला काढला जातो, शेजारपाजारची मंडळी निरोपास येतात. परंतु मुलाचे आईबाप विवाहबद्ध नसतील आणि आई एकटीच त्याला घेऊन निघाली असेल, तर मागे राहणाऱ्या पित्यास काही अधिकार उरतो काय? आपल्याकडे हा प्रश्न निघालाच तर प्रथम आईच्या वर्तनाची झडती होते. मुलाचा विचार राहूनच जातो.

हिंदूंसाठीच्या १९५६ च्या कायद्याने अशा अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम आई आणि तिच्या पश्चात पिता, असा क्रम लावून दिला. आपणां ख्रिस्ती लोकांस १८९० चा पालक व पाल्य अधिनियम लागू होतो; त्यात असा क्रम नाही. ६ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, तो एका ख्रिस्ती अविवाहित मातेच्याच दाव्यात. बचतीच्या व विम्याच्या कागदांवर तिला आपल्या मुलाचे नाव घालायचे होते. त्यासाठी पालकत्व मागताच पित्याचे नाव सांगा, असे तिला बजावण्यात आले. तिने नकार दिला आणि खालच्या दोन्ही न्यायालयांत ती हरली. न्यायमूर्ती विक्रमजित सेन यांनी मात्र ठरविले की, ज्या पित्याने मुलाची कधी वास्तपुस्त केली नाही, त्यास नोटीस पाठविण्याचे कारण नाही.

निकालातील एक लहानशी गोष्ट आम्हांस या सर्वांहून मोलाची वाटते. न्यायमूर्तींनी त्या मातेशी बोलून, मुलास पित्याचे नाव कळावयास हवे, हे तिच्या मनावर बिंबविले. तिने नाव सांगितले. ते पाकिटात घालून मोहोरबंद करण्यात आले. त्या न्यायालयाच्या आज्ञेवाचून ते उघडावयाचे नाही. पित्यास नोटीस पाठविण्याची गरज उरली नाही, पण मुलाचा हक्क राखून ठेवला गेला.

हा निकाल पाठ फिरविणाऱ्या पित्याचा आहे, हे विसरता कामा नये. जो दर रविवारी मुलास उत्तनच्या किनाऱ्यावर फिरवितो, त्याची फी भरतो, आजारात रात्रभर उशाशी बसतो, त्याच्यावर तोच निकाल उगारणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्याचा हक्क रक्तापेक्षा या बसण्यातून आलेला आहे. १८९० च्या कायद्यातील २६ वे कलम सांगते की, न्यायालयाने नेमलेल्या पालकाने परवानगीवाचून पाल्यास त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेऊ नये. पण बहुतेक माता न्यायालयाची पायरी चढतच नाहीत, तेव्हा ही अट त्यांना शिवत नाही. मूल एकदा परदेशी गेले की पित्याचे हात आणखी तोकडे पडतात. परदेशी नेलेल्या मुलांविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. म्हणून निघण्यापूर्वी त्याला सांगणे, पत्ता देणे, सुटीत भेट ठरविणे, हे सारे आईच्या सदसद्विवेकावरच सोपविलेले आहे. पित्याने नुसते अडवून धरणेही आम्हांस मान्य नाही. पोटासाठी जाणारीस थांबविणारा तिच्या पोटाची सोय करणार आहे काय?

आपल्या धर्मसंहितेचे ८७७ वे कलम थोड्यांनाच ठाऊक असते. अविवाहित मातेच्या मुलाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा अधिकृत दस्तऐवजाने पितृत्व सिद्ध झाले असेल, किंवा पित्याने धर्मगुरू व दोन साक्षीदारांसमोर ते कबूल केले असेल, तरच त्याचे नाव नोंदवहीत लिहिले जाते. मूल कॅनडात वाढो की कुवेतमध्ये, ती वही मात्र जिथे बाप्तिस्मा झाला तिथेच राहते. पुढे दृढीकरणाची व विवाहाची वार्ताही त्याच पानावर परत येते. आणि लग्न ठरले की ते मूल बाप्तिस्म्याच्या दाखल्यासाठी भाईंदरला पत्र पाठवील.