अत्रिऋषींचे तप





मार्गशीर्ष पौर्णिमेला सायंकाळी जन्मकाळ होतो. बायका पाळणा म्हणतात, सुंठवडा वाटला जातो, आणि मग पाळण्यातला नारळ ज्या घरात मूल नाही त्या घरच्या सुनेच्या ओटीत घालतात. श्रद्धेची गोष्ट आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण हा नारळ आमच्या घरी ओळीने नऊ वर्षे आला. त्याविषयी लिहायचे आहे. लिहायला तीस वर्षे उशीर झालाय, हेही आधीच कबूल करतो.

दत्तजन्माची कथा आपण ऐकतो ती अनसूयामातेची. तीन देव भिक्षेला आले आणि तिने त्यांची बाळे केली. कीर्तनकार इथेच रंगतात, आणि रंगावेच. पण भागवताच्या चौथ्या स्कंधात जे आहे ते फारसे कोणी सांगत नाही. ब्रह्मदेवांनी सृष्टी वाढवण्याची आज्ञा केली तेव्हा अत्रिऋषी पत्नीला बरोबर घेऊन ऋक्ष पर्वतावर गेले. तिथे निर्विंध्या नदी वाहते. आणि संततीसाठी तप कोणी केले? अत्रींनी. शंभर वर्षे, एका पायावर उभे राहून, नुसता वारा पिऊन. तिघे देव येऊन उभे राहिले ते त्यांच्यासमोर. बायकोला उन्हात उभे करून ऋषी आश्रमात पहुडले नव्हते.

मी मात्र पहुडलो होतो.

आमचे लग्न १९८५ सालचे. मी सांगलीत बँकेत क्लार्क. दोन वर्षे झाली, मूल नाही, तसे घरात सुरू झाले. गुरुवारचा उपास हिने धरला. दर पौर्णिमेला नरसोबाची वाडी, तिथे १०८ प्रदक्षिणा. चैत्रातल्या तापलेल्या फरशीवर हिचे पाय भाजायचे, मी सावलीत चपला सांभाळत बसायचो. नात्यात डोहाळजेवण असले की आमंत्रण यायचे, पण 'तू जरा मागेच बस हं' असेही यायचे. दवाखाना झाला. दोनदा क्युरेटिंग झाले. औषध सोडून गर्भनलिकांचा एक्स-रे झाला, त्या दिवशी ही रिक्षात ओठ चावून बसली होती. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी म्हणायच्या, "पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या." आणि मिस्टरांचे हाफ-इयरली क्लोजिंग असायचे. इन्स्पेक्शन असायचे. बँकेत कारणांना तोटा नसतो.

खरे कारण भीती. मला काय झालंय, चांगला धडधाकट आहे, असे तोंडाने म्हणायचो. आणि तपासणीत काही निघाले तर?

१९९२ साली हिच्या पोटात दुर्बीण घालून बघायचे ठरले. भूल द्यायची म्हणून फॉर्मवर नवऱ्याची सही. जन्मभर व्हाउचरवर सह्या केल्या, कधी हात थरथरला नाही, त्या दिवशी थरथरला. जॉइंट खाते आणि तपासणी एकीचीच! हिची दुर्बीण झाली, सगळे व्यवस्थित निघाले. दुसऱ्या आठवड्यात मी लॅबमध्ये गेलो. सुई नाही, भूल नाही, अर्ध्या तासाचे काम. रिपोर्टमध्ये शुक्रजंतू शून्य. तीन महिन्यांनी पुन्हा केला, शून्यच. डॉक्टरांनी विचारले, लहानपणी गालगुंड झाले होते का? सोळाव्या वर्षी झाले होते. ताप, आणि खाली सूज. घरात ती गोष्ट कोणी बोलले नव्हते, शेक दिला आणि विसरलो.

परत येताना एस.टी. स्टँडवर मी म्हटले, आज आईला सांगून टाकतो. ही म्हणाली, "आईंना नका सांगू. त्यांना सोसायचं नाही. माझं काय, मी सात वर्षं ऐकतेच आहे."

आणि मी 'बरं' म्हटले.

पुढची दोन वर्षेही नारळ आला. खरे काय ते ठाऊक असताना हिची ओटी भरली जात होती आणि मी पलीकडे उभा राहून टाळ वाजवत होतो. १९९४ साली आम्ही मुलगी दत्तक घेतली तेव्हा ते थांबले. (अत्रींना भगवंताने स्वतःलाच देऊन टाकले म्हणून तो दत्त. दत्तक शब्दात तोच आहे, हे मला मुलगी घरी आल्यावर लक्षात आले.) आई २००४ साली गेली, सुनेतच दोष होता असे समजून.

आता आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांना विनवणी. घरात सून असेल, वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नसतील, तर दोघांना एकदम डॉक्टरकडे पाठवा. सुनेचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिनेच थांबायचे, कारण त्या वयानंतर बायकांच्या बाबतीत दिवस फार मोलाचे असतात. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी पुरुषाकडेही काहीतरी कारण असते. म्हणून मुलाची वीर्यतपासणी पहिल्याच फेरीत व्हावी. आधी दोन ते सात दिवस ब्रह्मचर्य पाळायचे, एवढेच त्याचे पथ्य. एक रिपोर्ट वाईट आला तर घाबरून न जाता पुन्हा करायचा. अंडाशी फुगलेल्या शिरा, तंबाखू, अशी कारणे असतात आणि पुष्कळांना उपाय आहे. मात्र शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात, तेव्हा गुण यायला तीनेक महिने धीर हवा. सुनेचे थायरॉईड, नलिका बंद आहेत का, पूर्वी क्षय होऊन गेला का, तेही बघतील. मुंबईच्या के.ई.एम. मध्ये १९८६ साली डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हापासून तर वाटा वाढतच गेल्या आहेत.

मग पारायण सोडायचे का? मुळीच नाही. गुरुचरित्राच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात गाणगापूरची साठ वर्षांची वंध्या स्त्री आहे. रोज येऊन ती गुरूंची पूजा करी. महाराजांनी तिला आधी काय केले? तिच्या मनात काय आहे ते विचारले. अश्वत्थाची सेवा त्यानंतर सांगितली. आपण सेवा आधी सांगतो, आणि विचारायचे राहूनच जाते. हिच्या मनात काय आहे ते मी सात वर्षांत एकदाही विचारले नाही.

हा लेख छापायला देण्यापूर्वी हिला वाचून दाखवला. दोनदा ऐकला. म्हणाली, "छापू द्या. पण आईंना दोष दिल्यासारखं वाटतं ते एक वाक्य काढा."

ते काढले आहे.