घरीं बसलेल्यांचें मत

मौन म्हणजे संमति, असें आपले वाडवडील म्हणत आले आहेत. लग्नाच्या बोलण्यांत हें गृहीत चालून जात असेल; निवडणुकींत तें चालावें काय? मतदानाच्या दिवशीं जो घरीं बसला त्यानें नेमकें काय सांगितलें, हा प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं. कारण कायद्याला त्याचें कांहीं ना कांहीं उत्तर द्यावेंच लागतें. शेंकडेवारी म्हटली कीं भागाकार आला, आणि भाजक कोणता घ्यावयाचा हें ठरवितांच घरीं बसलेला मनुष्य एक तर हिशेबांत धरला जातो, नाहीं तर त्यांतून गळतो.

आपल्या देशाच्या कायद्यानें त्याला सरळ गाळलें आहे. लोकसभेच्या पराभूत उमेदवाराची अनामत वांचावयाची तर त्याला एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशाहून अधिक मतें मिळालीं पाहिजेत. मतदारयादींत नांवें किती होतीं हें कोणी विचारीत नाहीं. निवडून येण्यास तर ठराविक प्रमाणाची अटच नाहीं. इतरांहून एक मत अधिक असलें कीं पुरे.

फ्रान्सनें निराळी वाट धरिली आहे. तेथील राष्ट्रीय सभेच्या ५७७ जागांसाठीं दोन फेऱ्यांत मतदान होतें. पहिल्याच फेरींत निवडून यावयाचें तर वैध मतांपैकीं निम्म्याहून अधिक मतें हवींतच. शिवाय तीं यादींतील एकूण मतदारांच्या चौथ्या हिश्शाइतकीं तरी असावीं लागतात. तसें कोणी न निवडलें गेल्यास पहिल्या दोघांशिवाय तिसऱ्यास दुसऱ्या फेरींत उतरण्यासाठीं यादीच्या शेंकडा साडेबारा मतें लागतात. १९५८ सालीं ही दुसरी अट वैध मतांच्या शेंकडा ५ इतकीच होती. १९६६ मध्यें ती यादीच्या शेंकडा १० झाली, आणि १९७६ मध्यें साडेबारा.

हा नियम प्रथम वाचला तेव्हां आम्हांस तो फार आवडला होता. गैरहजर नागरिकाचीही बूज राखणारा कायदा, असें आम्हीं वर्गांत मोठ्या उत्साहानें सांगितल्याचें स्मरतें. तास संपल्यावर एका विद्यार्थ्यानें फळ्यावर गणित मांडलें आणि आमचा उत्साह ओसरला. यादींत एक लाख मतदार धरा. अट साडेबारा हजारांची. ऐंशी हजार लोक आले तर त्यांच्यापैकीं शेंकडा सोळांहूनही कमी जणांचीं मतें पुरतात. साडेसत्तेचाळीस हजारच आले (२०२२ सालीं पहिल्या फेरींत साधारण हेंच प्रमाण होतें) तर तींच साडेबारा हजार मतें शेंकडा सव्वीसांच्या वर जातात. मग तिसरा उमेदवार बाहेर पडतो. २०१७ सालीं मतदान निम्म्याहून कमी झालें, आणि दुसऱ्या फेरींत तिरंगी लढत साऱ्या देशांत एकच उरली. २०२४ सालीं मतदान शेंकडा ६६ च्या वर गेलें, तेव्हां अशा लढतीस पात्र ठरलेले मतदारसंघ तीनशेंहून अधिक निघाले. पुढें दोनशेंवर उमेदवारांनीं आपण होऊन माघार घेतली, ती गोष्ट निराळी. पक्षांचें बलाबल हेंही यास कारण आहेच; पण अटीचा हात त्यांत नाहीं असें म्हणवत नाहीं.

म्हणजे दोन्ही मोठ्या पक्षांना कंटाळून जो घरीं बसला, त्याच्या मौनानें त्याच दोघांची वाट मोकळी केली! आणि दुसऱ्या फेरींत कसलीच अट नाहीं. ज्याला पहिल्या रविवारीं मोजलें त्याला पुढच्या रविवारीं कायदा विसरतो.

आमचा आक्षेप असा आहे कीं मौनाचा अर्थ कायद्यानें लावूं नये. पोटासाठीं परगांवीं गेलेला मजूर, अंथरुणाला खिळलेली आजी, ज्याचें नांवच यादींतून गळलें तो अभागी, सहलीला गेलेलें कुटुंब आणि रागावून दार लावून बसलेला विचारवंत, या सर्वांच्या तोंडीं एकच वाक्य घालणें प्रामाणिकपणाचें नव्हे. या बाबतींत आपला रूक्ष नियम आम्हांस अधिक सरळ वाटतो. त्याची किंमत मोठी आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं: शेंकडा ६६ मतदान झालें आणि त्यांतील शेंकडा ४० मतांवर एखादा निवडून आला, तर यादींतील चौघांपैकीं जेमतेम एकाचा तो प्रतिनिधि.

परंतु जो केंद्रापर्यंत चालत गेला, रांगेंत उभा राहिला आणि 'वरीलपैकीं कोणी नाहीं' हें बटण दाबून आला, त्याची गोष्ट वेगळी. तो गप्प बसलेला नाहीं, बोलला आहे. २०१३ सालीं हें बटण आलें, पण अनामतीच्या हिशेबांत तें मत वैध धरीत नाहींत, आणि लोकसभेच्या निकालावरही त्याचा कांहीं परिणाम होत नाहीं. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं स्थानिक संस्थांपुरतें ठरविलें कीं सर्वांत अधिक मतें या बटणास पडलीं तर निवडणूक पुन्हा घ्यावी. लोकसभेपर्यंत हा विचार जावयास हवा होता.

आम्ही स्वतः एका निवडणुकींत घरीं बसलों होतों. तेव्हां हें बटण नव्हतें. उमेदवारांपैकीं एकही मनास येईना, आणि आपण केवढा निषेध नोंदविला अशा समाधानांत तो दिवस आम्हीं वाचनांत घालविला. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत, आमच्या भागांत मतदान कमी होण्याचें कारण जोडून आलेल्या सुट्या, असें छापलें होतें.